खरेदीची फेरी की कुटुंबाची सहल? रिसेलरांनी प्रवासखर्च कसा वजा करावा

जुलै लागला की आयकर विवरणपत्र भरून घ्यायला माझ्या टेबलावर कागदांच्या पिशव्या यायला लागतात. गेल्या वर्षी डोंबिवलीच्या एका ताईंनी जयपूरच्या फेरीची पिशवी आणली. त्या कॉटनचे दुपट्टे आणि बेडशीट विकतात. पिशवीत चार जणांची रेल्वेची तिकिटं, हॉटेलचं बिल, आमेर किल्ल्याची प्रवेशतिकिटं, जयपूरजवळच्या सांगानेरच्या कापडव्यापाऱ्याचं बिल आणि जेवणाच्या सात-आठ पावत्या होत्या. पावत्या थर्मल कागदावरच्या, शाई उडालेली, नुसते पांढरे कपटे. वर पिनेने टोचलेली चिठ्ठी: "जयपूर खर्च एकूण ४२,४५०, सगळा वजा करा."

वजा करता आले ११,७५०. तेही तिकिटं काढायच्या आधी त्यांनी व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर "सोमवारी येते, माल बघायचा आहे" असं कळवलं होतं म्हणून.

चूक बहुतेकांची सारखीच असते. फेरी होते, खर्च होतो आणि विवरणपत्र भरायच्या वेळी त्यातला धंद्याचा भाग शोधायला बसतात. काम उलट्या क्रमाने करायचं असतं. खाली तोच क्रम दिला आहे. कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्राला लागणारे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण धंद्याचा खर्च आणि घरचा खर्च यांच्यातली रेघ तीच राहिली.

टप्पा १: खर्च दाखवायची मुभा तुम्हाला आहे का, ते आधी बघा

हा टप्पा सगळे गाळतात आणि इथेच निम्मी मेहनत वाया जाते.

छोटे विक्रेते बहुधा कलम ४४एडी खाली अंदाजित नफा दाखवून विवरणपत्राचा आयटीआर-४ हा फॉर्म भरतात. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, किंवा रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असून उलाढाल ३ कोटींपर्यंत असेल, तर ही सोय मिळते. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, बाकी विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. भाडं, कुरिअर, प्रवास, घसारा (वस्तूची वापराने घटणारी किंमत) हे सगळे खर्च त्यात आलेच असं कायदा मानतो. म्हणजे ४४एडी घेतलं असेल तर जयपूरच्या तिकिटाचा एक रुपयाही वेगळा वजा होत नाही. विक्रीच्या ६ टक्के नफा काढून त्यातून पुन्हा प्रवासखर्च वजा केलेली विवरणपत्रं मी पाहिली आहेत. ती चूकच.

मग ४४एडी सोडावं का? घाई नको. एकदा घेतलेलं ४४एडी पाच वर्षं पुरी व्हायच्या आत सोडलं, तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. शिवाय एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या ठेवणं आणि लेखापरीक्षण करून घेणं मागे लागतं. बारा हजारांच्या प्रवासखर्चासाठी हे अंगावर घेण्यात अर्थ नाही, सीएची फीच त्याहून जास्त होईल. खरा नफा ६ टक्क्यांच्या बराच खाली असेल आणि ते कागदावर सिद्ध होत असेल, तरच हा विचार करा.

दुसरी अडचण खास रिसेलरांची. माल पुरवठादाराकडून थेट ग्राहकाकडे जातो, तुमच्या हाती फक्त मार्जिन किंवा कमिशन येतं, असा धंदा असेल तर ४४एडी मुळात लागूच होत नाही. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ते कलम वगळतं. अशांनी वही ठेवायची, खरे खर्च दाखवायचे आणि आयटीआर-३ भरायचा. गंमत म्हणजे यातले बरेचजण आयटीआर-४ भरून मोकळे होतात.

तिसरा गैरसमज: "नव्या करप्रणालीत वजावटच नाही." त्या प्रणालीत ८०सी, ८०डी वगैरे म्हणजे गुंतवणूक, आरोग्यविमा यांच्या वजावटी जातात. धंद्याचा खर्च हा नफा काढण्याचाच भाग आहे, तो जुन्या-नव्या दोन्ही प्रणालींत मिळतो.

तपासून पाहा: मागच्या वर्षी कोणता फॉर्म भरला होता? आयटीआर-४ असेल आणि यंदाही तोच भरणार असाल, तर पुढचे टप्पे तुमच्या स्वतःच्या हिशेबापुरते आहेत. करात त्यांचा उपयोग नाही.

टप्पा २: तिकीट काढायच्या आधी

कलम ३७(१) दोनच गोष्टी विचारतं. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला का? आणि तो भांडवली किंवा खासगी तर नाही ना? हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. त्यामुळे फेरीचा हेतू फेरीच्या आधीच्या तारखेने कुठेतरी उमटलेला हवा.

१. व्यापाऱ्याशी बोलणं लेखी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल. कोणत्या दिवशी येणार, कोणता माल बघणार, साधारण किती घेणार. फोनवर बोललात तर नंतर दोन ओळींचा निरोप टाका.

२. खरेदीची यादी करा. काय संपलं, कशाची मागणी आहे, किती पैसे गुंतवायचे. वहीचं अर्धं पान पुरतं, वर तारीख टाका.

३. धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि फेरीचे धंद्याचे पैसे त्यातूनच द्या. धंदा बायकोचा आणि यूपीआय नवऱ्याच्या खात्यातून, हे घरोघरी चालतं. तसं झालंच तर ती रक्कम वहीत नवऱ्याकडून घेतलेली उसनवारी म्हणून लिहा आणि बिल मात्र धंद्याच्याच नावाने घ्या.

४. स्वतःचं तिकीट शक्यतो वेगळं काढा. जागा लांब पडतील म्हणून सगळ्यांचं एकाच पीएनआरवर काढलंत तरी आभाळ कोसळत नाही, फक्त माणशी भाडं किती ते तिकिटावरच लिहून ठेवा.

५. हॉटेलात एका माणसाच्या खोलीचा दर काय आहे, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. हा कागद टप्पा ४ मध्ये सोन्यासारखा उपयोगी पडतो आणि नंतर मिळत नाही.

सावधान: फेरीनंतर जुनी तारीख टाकून पत्रं, यादी, भेटीच्या नोंदी तयार करू नका. ज्याला पुराव्याचा काहीच आधार नाही असा खर्च दाखवणं कलम २७०ए खाली चुकीच्या माहितीत मोडतं आणि त्यावर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे.

टप्पा ३: फेरीत असताना

रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं. ताईंना त्या पिशवीनंतर मी एवढंच सांगितलं. त्यांच्या वहीतली एक नोंद अशी आहे:

"१० नोव्हें., सोमवार. सांगानेर, ११ ते ४. तीन कारखाने पाहिले. एकाकडून ४० दुपट्टे, ६० बेडशीट, बिल घेतलं. रिक्षा जाऊन येऊन ९००, व्हाउचर. जेवण २१०."

बस, इतकंच. यात तारीख, जागा, वेळ, काम आणि रक्कम आली. एखादा कारखाना बघून माल घेतला नाही तरी ते कामच आहे. पण मग त्या व्यापाऱ्याचं कार्ड किंवा दरपत्रक जपून ठेवा, नाहीतर त्या दिवशी काय केलं ते दाखवायला हाती काही उरत नाही.

पावती जेवणाची असो की टोलची, हातात पडल्या पडल्या फोटो काढा. थर्मल कागद गाडीच्या डॅशबोर्डवर एक उन्हाळाही काढत नाही.

रिक्षावाला, हमाल, चहावाला बिल देत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतःचं व्हाउचर लिहा: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती, तुमची सही. जमलं तर यूपीआयने द्या म्हणजे बँकेतही नोंद राहते. छोट्या रकमांना हे चालतं. पाच हजारांच्या "किरकोळ खर्चा"चं एकच व्हाउचर मात्र कुणीही उचलून बाजूला ठेवेल.

आता बाजारातली सगळ्यात महाग चूक. एका व्यापाऱ्याला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर कलम ४०ए(३) मुळे तो सगळाच खर्च नामंजूर होतो, फक्त वरचा भाग नव्हे. २८,००० रोख दिले तर २८,००० गेले. "मग नऊ-नऊ हजारांची तीन बिलं करू" असं व्यापारीच सुचवतो. दिवसाची बेरीज धरली जाते, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. सुरतच्या रिंगरोडला काय किंवा दिल्लीच्या सदर बाजारात काय, "कॅश दो, रेट कम" हे ऐकायला मिळणारच. रेट किती कमी ते विचारा आणि नामंजूर रकमेवर कर किती बसेल ते मनात मांडून बघा.

आणि बहिणीची साडी. शंभर नगांच्या बिलात बहिणीसाठी, सासूबाईंसाठी, स्वतःसाठी दोन-चार चीजा आल्याच. त्यांचं बिल तिथेच वेगळं करून घ्या आणि पैसे घरच्या खात्यातून द्या. एकाच बिलात आल्या असतील तर खरेदीतून तेवढी किंमत काढून घरखर्चात टाका. जीएसटी नोंदणी असेल तर त्यावरचं क्रेडिटही (खरेदीवर भरलेला जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वळता करणं) घ्यायचं नाही.

टप्पा ४: वाटणी

यूट्यूबवरचे अमेरिकेतल्या रिसेलरांचे व्हिडिओ बघून बरेचजण विचारतात, "मैलामागे ठरलेला दर असतो ना? रोजचा ठरलेला भत्ता?" तो तिथला कायदा. आपल्याकडे मालकाला स्वतःसाठी किलोमीटरचा ठरलेला दर नाही की रोजचा भत्ता नाही. जो खर्च खरंच झाला तोच. आणि मिश्र फेरीत किती दिवस कामाचे असले म्हणजे तिकीट मिळतं, याचं सूत्रही कायद्यात लिहिलेलं नाही.

म्हणून मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो: फिरणं आणि घरची माणसं वगळली, तर हा खर्च धंद्यासाठी करावा लागला असता का? आणि त्याच्या आधी एक: ही फेरी मुळात ठरली कशासाठी?

ताईंची जयपूरची फेरी पाच दिवसांची होती. तीन दिवस काम, दोन दिवस फिरणं, बरोबर नवरा आणि दोन मुलं. हिशेब असा लागला:

रेल्वे: चौघांचे जाऊन-येऊन १२,०००. त्यांचे एकटीचे ३,०००. फेरी खरेदीसाठीच ठरली होती आणि तसा निरोप तिकिटाच्या आधीचा होता, म्हणून ३,००० पूर्ण घेतले. तो निरोप नसता तर पाचापैकी तीन दिवस धरून १,८०० वर थांबलो असतो.

हॉटेल: कुटुंबाची खोली ३,२०० प्रमाणे पाच रात्री, १६,०००. एकट्या माणसाच्या खोलीचा दर २,००० होता. तीन रात्रींचे ६,०००. चौघांच्या बिलाचा चौथा हिस्सा काढायचा नाही. एकट्या गेल्या असत्या तरी खोली लागलीच असती.

जेवण: एकूण १०,०००. कामाच्या तीन दिवसांचं त्यांचं स्वतःचं, १,५००. ज्या पावत्या कोऱ्या झाल्या होत्या त्यांचे पैसे यूपीआयच्या यादीत सापडले म्हणून एवढं तरी निघालं.

शहरातली ये-जा: सांगानेरची रिक्षा ९०० आणि जोहरी बाजारातली ३५०, एकूण १,२५०, पूर्ण. आमेरच्या टॅक्सीचे २,२०० आणि प्रवेशतिकिटांचे १,०००, शून्य.

बेरीज ११,७५०.

आता हीच फेरी मे महिन्यातली समजा. मुलांच्या सुट्टीसाठी जानेवारीतच तिकिटं काढलेली, व्यापाऱ्याशी आधी काहीच बोलणं नाही आणि जयपुरात गेल्यावर "आलोच आहोत तर" म्हणून एक दिवस सांगानेर. मग तिकीट आणि हॉटेल दोन्ही सोडून द्यायचे. त्या दिवसाची सांगानेरची रिक्षा तेवढी घ्यायची. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात, पण धंदा नसता तरी ती सहल झालीच असती.

नवऱ्याचं तिकीट? तो धंद्यात खरंच काम करत असेल, म्हणजे मालाचा दर्जा तपासणं, हिशेब, गाडी चालवणं, तर दाखवता येईल. पण तसं बाकी वर्षभराच्या कामातही दिसायला हवं. फक्त पिशव्या उचलल्या म्हणून नाही. मुलांचं कधीच नाही.

तपासून पाहा: वाटणीचा कागद एका पानावर लिहून बिलांना जोडा. दोन वर्षांनी नोटीस आली तर ३,००० का आणि ६,००० कसे, हे तुम्हालाच आठवणार नाही.

टप्पा ५: स्वतःच्या गाडीने गेलात तर

कलम ३८(२) प्रमाणे घर आणि धंदा दोन्हींकडे वापरलेल्या गाडीचा फक्त रास्त हिस्सा मिळतो. तो किलोमीटरवर काढा. १ एप्रिलला आणि ३१ मार्चला मीटरचा फोटो घ्या, मध्ये धंद्याच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवा.

समजा वर्षात १२,००० किमी झाले, त्यातले धंद्याचे ३,६००. म्हणजे ३० टक्के. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग मिळून १,२०,००० असतील तर ३६,००० मिळतील. गाडीची शिल्लक किंमत ४,००,००० असेल तर १५ टक्के घसारा ६०,०००, त्याचे ३० टक्के १८,०००. गाडी त्याच वर्षी घेऊन १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर घसारा निम्म्या दराने. फास्टॅगचं स्टेटमेंट फेरीप्रमाणे वेगळं करता येतं, त्यामुळे टोलची टक्केवारी काढत बसू नका, धंद्याच्या फेरीचा टोल थेट घ्या.

गाडी नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर घसाऱ्याचा विषय सोडा, तो मालकाला मिळतो. तुम्ही भरलेलं त्या फेरीचं पेट्रोल आणि टोल मात्र घ्या.

सावधान: वाहतूक पोलिसांचं चलान धंद्याच्या फेरीत बसलं तरी वजा होत नाही. कायदा मोडल्याबद्दल भरलेला पैसा खर्च धरत नाहीत.

टप्पा ६: जीएसटी नोंदणी असेल तर

महाराष्ट्रात नोंदणी असलेला विक्रेता जयपूरच्या किंवा गोव्याच्या हॉटेलात राहिला, तर हॉटेल त्या-त्या राज्याचा सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीचा केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा) लावतं, कारण खोली जिथे आहे ती जागा धरली जाते. त्याचं क्रेडिट तुम्हाला महाराष्ट्रात मिळत नाही. जीएसटीआयएन (तुमचा जीएसटी नोंदणी क्रमांक) दिला तरी नाही. मग ती रक्कम हॉटेलच्या खर्चातच धरा, आयकरात तेवढी वजा होते. कोल्हापूरचा विक्रेता नागपूरला राहिला तर धंद्याच्या भागाचं क्रेडिट घेता येतं.

जेवणावरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने अडवलेलं आहे. नेहमीच्या मोटारीवरचं आणि ती भाड्याने घेण्यावरचंही तसंच. रेल्वेच्या एसी तिकिटावर ५ टक्के कर असतो, तिकीट काढतानाच जीएसटीआयएन टाका, नंतर जोडायला गेलात तर त्रास आहे.

ज्या कराचं क्रेडिट घेतलं, तो पुन्हा खर्चात धरायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चुकतं, कारण जीएसटीचं काम एकजण करतो आणि आयकराचं दुसरा.

टप्पा ७: वहीत आणि विवरणपत्रात

मालाची वाहतूक हा तुमचा प्रवासखर्च नाही. ताईंनी ट्रान्सपोर्टला दिलेले १,८०० त्यांच्या चिठ्ठीत नव्हते, ते मालाच्या बिलाला जोडलेले होते, आणि ते बरोबरच. १०० नगांवर नगामागे १८ रुपये चढले. ३१ मार्चला ३५ नग शिल्लक असतील तर त्यांची खरेदी किंमत अधिक १८ प्रमाणे वाहतूक, दोन्ही अखेरच्या शिलकीत जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी खरेदी करून तो सगळा खर्च त्याच वर्षी दाखवायचा, ही चूक प्रवासखर्चाच्या चुकीपेक्षा किती तरी मोठी असते.

आयटीआर-३ मध्ये हॉटेलचा खर्च, देशातला प्रवास, परदेश प्रवास आणि स्थानिक ये-जा यांच्या रांगा वेगळ्या आहेत. सगळं "इतर खर्चा"त कोंबू नका.

बँकॉकच्या प्रातुनाम बाजारातून किंवा चीनमधल्या ग्वांगझू, यिवूहून माल आणणाऱ्यांसाठी एवढंच: विमानतळावरची बॅगेजची सूट स्वतःच्या वापराच्या सामानाला असते, विक्रीच्या मालाला नाही. आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) काढा, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र) भरा, सीमाशुल्क भरा. ते नसेल तर माल जप्त होऊ शकतो, आणि मालच कागदावर नसेल तर त्यासाठी केलेल्या विमानप्रवासाचं कारण तरी काय सांगणार? टूर पॅकेजवर घेतलेला टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने तुमच्या नावे आगाऊ गोळा केलेला आयकर, खर्चात टाकू नका. तो २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसतो आणि थेट करातून वजा होतो.

सगळे कागद फेरीप्रमाणे लावा. एका फेरीचं एक पाकीट, वर तारीख आणि गाव. आत निरोपाचा स्क्रीनशॉट, वहीच्या पानाची प्रत, तिकीट, हॉटेलचं बिल आणि खोलीचा दर, व्हाउचर, खरेदीची बिलं, वाटणीचं पान. जीएसटीवाल्यांना वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने कागद सांभाळावे लागतात. फोटो फोनमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, फोन बदलला की पहिले तेच जातात.